शुक्रवारची ओळ

चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकतो. लोक गोष्ट सांगताना स्वतःची चूक शेवटपर्यंत दडवून ठेवतात आणि मग वर कौतुकही करून घेतात. मला ते जमत नाही. चहा घ्या आणि ऐका. हसायचं तिथे हसा, माझी हरकत नाही. बावीस वर्षं ज्या माणसाने साठ जणांची हजेरी घेतली, त्याने एक ओळ पुसली आणि अख्खा कारखाना गैरहजर करून ठेवला. स्वतःसकट.

गोष्ट त्र्याण्णव सालची. डोंबिवलीच्या एमआयडीसीत आमचा रंगाच्या ब्रशांचा कारखाना होता. मी तिथे हजेरी ठेवायचो. शिक्षण सातवी, पण सगळे मास्तर म्हणायचे. मीही म्हणू द्यायचो.

आमच्या भागात कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी असायची. विजेचा भार वाटला जावा म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा वार ठरवून दिलेला. आमच्या वाट्याला शुक्रवार आला. रविवारी सगळं जग मटणाच्या दुकानापुढे उभं असायचं तेव्हा आम्ही ब्रशाला केस बांधत असायचो. त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. गेटवरच्या कुत्र्यालासुद्धा माहीत होतं. शुक्रवारी ते फिरकायचं नाही.

आता माझं मस्टर कसं होतं ते ऐका, कारण सगळी गंमत त्यात आहे. सकाळी प्रत्येक जण फळ्यावरचा आपला पितळी बिल्ला काढून नेई. आठ वाजून दहा मिनिटांनी मी फळ्यापुढे उभा राही. जे बिल्ले लटकत राहिले ते गैरहजर. तेवढ्यांच्याच नावापुढे मी लाल फुली मारायचो. जो आला त्याच्यापुढे काही लिहायचं नाही. चौकट रिकामी. रिकामी चौकट म्हणजे हजर.

एकदा एका तपासनिसाने विचारलं, "मास्तर, हे पान कोरं का?"

मी म्हटलं, "सगळे आले म्हणून."

त्याने पान उलटून मागची बाजूही बघितली. पण मला सांगा, साठातले अठ्ठावन्न रोज येतात. त्यांच्यापुढे रोज 'आला, आला' लिहीत बसायचं? नेहमीचं आहे ते लिहायचं नाही. वेगळं असेल तेवढंच लिहायचं.

घरीही माझा हाच नियम. आमटी चांगली झाली तर त्यात बोलायचं काय? बिघडली तर सांगतो. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात बायकोने विचारलं होतं, "आमटी कशी झालीय?"

"काही बोललो का मी?"

त्यानंतर तिने कधी विचारलं नाही. तीस वर्षं सुरळीत चाललं होतं. म्हणजे मला तसं वाटत होतं.

तर त्या वर्षी कारखान्यात कॉम्प्युटर आला. त्याच्याबरोबर सुलभाताई आल्या. ठाण्याला नौपाड्यात राहणाऱ्या. शिकलेल्या, शांत, डब्यात रोज दोन पोळ्या आणि एक फळ. आमचं हेड ऑफिसही नौपाड्यातच. तिथून कामगारांचे कागद पिशवीतून यायचे, साहेबांच्या सह्या होऊन परत जायचे. सुलभाताई मला काका म्हणायच्या. हजेरी आता यंत्रावर घ्यायची असं ठरलं. माझं मस्टर कपाटात गेलं. मी काही बोललो नाही. जे चांगलं वाटत नव्हतं त्याबद्दलही बोललो नाही. नियम मोडला तो तिथे पहिल्यांदा.

दोन महिन्यांनी सुलभाताईंच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. त्यांना पंचवीस दिवस रजा हवी होती.

"काका, एवढे दिवस तुम्ही सांभाळाल ना?"

"बावीस वर्षं काय करत होतो?"

"नाही, तसं नाही." त्यांनी मला शेजारी बसवलं. सुरू कसं करायचं, आलेल्यांच्या बिल्ल्यांचे नंबर आणि यायच्या वेळा कशा टाकायच्या, वीस तारखेला महिन्याची हजेरी कशी छापायची, सगळं दाखवलं. कुठे अडलं तर एंटरचं बटण दाबा म्हणाल्या. मग त्यांनी पडद्यावर एक यादी उघडली. सात-आठ ओळी, सगळ्या इंग्रजी.

"ही नियमांची फाइल. इथे शक्यतो हात लावू नका. पण काय आहे ते माहीत असावं." यादीचा एक छापील कागद त्यांनी यंत्राशेजारी डकवला होता आणि प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने मराठीत लिहिलं होतं. जेवणाची सुट्टी अर्धा तास. उशिराची सवलत दहा मिनिटं. साप्ताहिक सुट्टी शुक्रवार. असं.

"या यंत्राला पुष्कळ गोष्टी आधीपासून ठरवून दिलेल्या असतात, काका. आपण काही लिहिलं नाही तर ते तेच धरून चालतं. आपल्याला वेगळं हवं असेल ते इथे लिहायचं."

मी म्हटलं, "समजलं. माझ्या मस्टरसारखं."

त्यांना बरं वाटलेलं दिसलं. "हो, बरंचसं तसंच. पण काका..."

"समजलं म्हटलं ना."

त्या 'पण'च्या पुढे काय होतं, ते ऐकून घेतलं असतं तर आज तुम्हाला सांगायला माझ्याकडे काही नसतं.

एक तारखेला सुलभाताई रजेवर गेल्या. मी यंत्रापुढे बसलो. नंबर टाकायला वीस मिनिटं लागली. मग काही काम नव्हतं. समोर तो कागद. मी वाचत बसलो. जेवणाची सुट्टी अर्धा तास.

मला राग आला. अहो, कारखाना सुरू झाल्यापासून जेवणाची सुट्टी अर्धा तास आहे. हे लिहायचं कशाला? यंत्राला अडाणी समजायचं की आम्हाला? मस्टरमध्ये असलं जादा काही मी कधी खपवून घेतलं नव्हतं. मी फाइल उघडली. हात लावू नका म्हणाल्या होत्या, पण त्या 'शक्यतो' म्हणाल्या होत्या. ती ओळ एकेक अक्षर मागून पुसली आणि वाट बघितली.

काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी यंत्राने जेवणाची सुट्टी बरोबर अर्धा तासच धरली.

बघा म्हटलं. त्याला कळतं.

दोन तारखेला उशिराची ओळ पुसली. तीन तारखेला दोघे जण आठ वाजून आठ मिनिटांनी आले. यंत्राने त्यांना बिनबोभाट आत घेतलं. दहा मिनिटांची सवलत त्याला न सांगता ठाऊक होती. मला त्या यंत्राबद्दल प्रेम वाटायला लागलं. हुशार आहे, फार बोलावं लागत नाही, असा माणूस मला आयुष्यात मिळाला नव्हता.

मग मी तिसऱ्या ओळीकडे आलो. साप्ताहिक सुट्टी शुक्रवार.

गेटवरच्या कुत्र्याला माहीत असलेली गोष्ट. पुसली.

दुसरा दिवस शुक्रवार, चार तारीख. मी घरी झोपून होतो. यंत्र कारखान्यात एकटं काय विचार करत होतं, मला काय कल्पना?

पुढे रोजचं चाललं. फक्त रविवारी नंबर टाकून झाले की पडद्याच्या तळाशी एक लांब इंग्रजी ओळ यायची आणि यंत्र थांबायचं. मी एंटर दाबायचो. सुलभाताईंनी सांगितलंच होतं. अडलं की एंटर. तीन रविवार अडलं, तीन रविवार दाबलं.

वीस तारखेला हजेरी बंद झाली. एकवीसला छपाई. प्रिंटर करकरत कागद ओकत गेला, मी घडी घालून फायलीत ठेवत गेलो. बघायचं काय त्यात? बावीस वर्षांचा हात होता. सगळ्यात शेवटी मात्र एक वेगळं पत्र आलं. कंपनीच्या कागदावर, इंग्रजीत, वर नाव लाडकू भोईर.

लाडकू ठाकुर्लीचा. आमच्याकडे तोच एकटा टेम्पररी. सहा महिने एकही खाडा न करता भरले की कायम करायचं ठरलं होतं आणि त्याचे सहा महिने त्याच महिन्यात भरत होते. मुलगा कामाचा. कोपरीच्या एका होडीवाल्या नाखव्याच्या मुलीशी, हिराशी, त्याचं लग्न ठरत आलं होतं. नाखव्याची अट एकच. आधी कायम हो, मग सुपारी फोडू.

अशा वेळी त्या मुलाच्या नावाचं पत्र आपोआप यंत्रातून बाहेर येतं. तुम्ही काय समजला असता?

कोणाला तरी वाचायला दाखवायला हवं होतं. मला इंग्रजी मोठी अक्षरं एकेक लावून नाव वाचता येतं, पुढे नाही. पण मास्तर म्हणवून घेणाऱ्या माणसाने कोणापुढे कागद धरून 'हे काय आहे' विचारायचं? ते मला मान्य नव्हतं. मी ते इतर कागदांबरोबर पिशवीतून नौपाड्याला पाठवलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या ढिगाबरोबर त्यावरही साहेबांची सही होऊन आली. मग प्रश्नच मिटला.

लाडकूला बोलावलं. त्याने हात लेंग्याला पुसले.

"आलं तुझं पत्र."

"कायमचं, मास्तर?"

"मग कसलं? नाव तुझंच आहे ना?"

तो माझ्या पाया पडला. मी म्हटलं ऊठ, कामाला लाग. पण आतून बरं वाटलं. दुपारी त्याने सगळ्यांना पेढे वाटले. मी दोन घेतले. एक बायकोला नेला. तिने खाल्ला आणि म्हणाली, "छान आहे." ती म्हणते, असलं सगळं.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत गेटवर तीन माणसं उभी. पुढे नाखवा. उंच, खारवलेला माणूस, हातात घडी केलेलं पत्र. मागे एक मुलगी, ती हिरा. आणि तिच्याही मागे लाडकू, मान खाली.

"मास्तर कोन हाय?" नाखव्याने विचारलं.

"मी."

"हे पत्र तुमी दिलात?"

"दिलं."

"वाचून दिलात का तसंच?"

मी म्हटलं, "कंपनीचं पत्र आहे ते. सही आहे, शिक्का आहे."

"शिक्का दिसतंय मना. आत काय हाय?"

"मुलाला कायम केल्याचं आहे."

नाखव्याने मुलीकडे बघितलं. "सांग गो."

हिरा दहावी शिकलेली. ती हळू आवाजात म्हणाली, "काका, यात लिहिलंय की येत्या एक तारखेपासून यायचं नाही. परवानगी न घेता तीन दिवस गैरहजर राहिले म्हणून काढलंय."

मग जे केलं त्याची आजही लाज वाटते. मी लाडकूवरच चढलो.

"तीन खाडे? मला न सांगता?"

"नाय मास्तर. एक पन नाय."

"मग यंत्र खोटं बोलतं?"

"यंत्राचं मना काय ठाव? ता मना वलखत पन नाय. तुमी वलखता ना? ताप भरलेला तवा पन आलेलो मी. तुमीच घरी जा म्हनत होतात, मी नाय गेलो."

ते खरं होतं. मला आठवत होतं. त्याचा बिल्ला एक दिवसही फळ्यावर राहिला नव्हता. पण माझा सगळा जीव त्या कागदात अडकला होता. छापलेलं होतं ना.

नाखवा म्हणाला, "मास्तर, गावात पेढे खाल्ले लोकांनी. आता मी काय सांगू त्यांना? थुका म्हनून?"

हिरा एवढा वेळ माझ्या मागे गेटच्या केबिनच्या भिंतीकडे बघत होती. तिथे कॅलेंडर होतं. ती पुढे आली, पत्रातल्या तारखा बघितल्या, आणि कॅलेंडरवर बोट ठेवत गेली. "चार. अकरा. अठरा." मग माझ्याकडे वळली. "काका, हे तिन्ही शुक्रवार आहेत."

"मग?" मी म्हटलं.

हो, मी 'मग' म्हटलं. लपवत नाही.

"शुक्रवारी तुमचा कारखाना उघडा असतो का?"

नाखवा म्हणाला, "उघडा कसा असल? तिनी शुक्रवार हा माझ्या घरी होता. खाडीचं जिताडं खाऊन गेला. इथं गैरहजर व्हता तवा माझ्या पाटावर हजर व्हता, मी साक्ष देतो."

मी आत गेलो, फाइल काढली, घडी घातलेली हजेरी उलगडली. चार तारखेची उभी रांग बघितली. वरून खालपर्यंत एकच खूण. सगळे गैरहजर. अकराला तेच. अठराला तेच. आणि रविवारी, जेव्हा साठ माणसं खपत होती, तिथे सुट्टी लिहिलेलं. मग यादीच्या सुरुवातीला नजर गेली. पहिलं नाव माझं. खाडे तीन.

बावीस वर्षांत माझा एक खाडा होता. वडील गेले त्या दिवशीचा. तीही फुली मी दुसऱ्या दिवशी येऊन माझ्याच हाताने मारली होती.

नाखवा दारातून डोकावत होता. "काय निघालं, मास्तर?"

"सगळेच गैरहजर आहेत. मीसुद्धा."

"मंग तुमाला पन पत्र आलं का?"

"मी कायम आहे. टेम्पररी असतो तर आलं असतं."

तो जरा विचार करून म्हणाला, "मंग पोराला कायम करा नं. म्हंजे त्याला पन नाय येनार."

त्याच दुपारी मी नौपाड्याला गेलो. आधी सुलभाताईंकडे. त्यांची आई हिरवी पट्टी बांधून पलंगावर बसली होती. मी डोळ्याची चौकशी केली. मग उभ्यानेच सगळं सांगितलं, ओळी पुसल्याचंही. सुलभाताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"काका, जेवणाची ओळ आणि उशिराची ओळ काढूनही फरक पडला नाही, कारण यंत्र बनवणाऱ्यांनीही तेच आकडे धरले होते. योगायोग. शुक्रवार त्यांना कुठून माहीत असणार? ते कुठल्या तरी दूरच्या गावी बसून बनवतात. त्यांच्याकडे सुट्टी रविवारी."

"म्हणजे न लिहिलेलं ते नेहमीचं, हे खरंच होतं."

"खरंच होतं. पण त्यांचं नेहमीचं. आपलं नाही." "तेच सांगत होते त्या दिवशी. 'पण काका' म्हटलं आणि तुम्ही उठलात."

"आणि रविवारी तळाला काय यायचं?"

"आज सुट्टी आहे, टाकलेले नंबर धरायचे नसतील तर एंटर दाबा."

मी खुर्चीवर बसलो.

"मग ते जेवणाचे आकडे तसेच होते तर तुम्ही लिहिलेत कशाला?" मी विचारलं. हरलेला माणूस एखादी बाजू शोधतोच.

"उद्या त्यांनी बदलले तर? कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, काका. पण एक आपण ठरवलेलं असतं आणि एक नुसतं चालू असतं."

आई पलंगावरून म्हणाली, "सुलभा, त्यांना पाणी दे. आवाज कोरडा येतोय."

सुलभाताई ऑफिसात बरोबर येते म्हणाल्या. मी नको म्हटलं. आपण केलेली घाण दुसऱ्याच्या हातून उपसायची नाही.

साहेबांचं ऑफिस दोन गल्ल्या पलीकडे. ते घड्याळाकडे बघत होते. "मास्तर, आज इकडे कुठे?"

"लाडकू भोईरचं पत्र मागे घ्या. मुलगा हजर होता."

त्यांनी कार्बन प्रत काढली. "त्याच्या जागेवर एक तारखेपासून दुसरा माणूस सांगितलाय मी. आता फिरवायचं तर कारण लागेल." मग त्यांनीच वाट दाखवली. "यंत्र चुकलं असं लिहून द्या. नाहीतर फाइल बाईंच्या ताब्यात असते, त्यांनी बघायला हवं होतं. दोन्हींपैकी काहीही चालेल."

खरं सांगतो, पहिलं मनात आलंच. यंत्राला कुठे नाक आहे कापायला. पण यंत्र चुकलं म्हटलं तर ते यंत्र बसवलं कोणी, सांभाळतं कोण, याची चौकशी फिरून सुलभाताईंच्याच दारात गेली असती. आणि यंत्र खरंच चुकलं नव्हतं. सांगितलं नाही तेवढंच त्याने केलं नव्हतं.

"यंत्र बरोबर होतं," मी म्हटलं. "बाईही बरोबर. ओळ मी पुसली."

"तुम्ही? का?"

"सगळ्यांना माहीत होती म्हणून."

साहेबांनी चष्मा काढला. "आणि पत्र तुम्हीच हातात दिलंत? न वाचता?"

"मला इंग्रजी वाचता येत नाही, साहेब."

हे वाक्य मी बावीस वर्षांत पहिल्यांदा बोललो. छत कोसळलं नाही. साहेब फक्त म्हणाले, "मग मला विचारायचं."

"तुम्हाला वाचता येतं. तुम्ही सही केलीत."

मग त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "मराठीत लिहा. थोडक्यात."

मी लिहिलं. आमच्या कारखान्यात सुट्टी शुक्रवारी असते. रविवारी नसते. रविवारी काम असते. चार, अकरा, अठरा या तारखांना शुक्रवार होता. त्या दिवशी कोणीही येणे अपेक्षित नव्हते. लाडकू भोईर इतर सर्व दिवशी हजर होता. हजर म्हणजे सकाळी आठला आला आणि सुटेपर्यंत थांबला. नियमांच्या फाइलमधील सुट्टीची ओळ मी पुसली. मला कोणी सांगितले नव्हते.

साहेब वाचून म्हणाले, "शुक्रवारी सुट्टी असते हे मला माहीत आहे, मास्तर."

"असू दे. लिहिलेलं बरं."

लाडकूचं कायम झाल्याचं पत्र शनिवारी आलं. या वेळी ते आधी सुलभाताईंनी वाचलं, मग गेटवर हिराने वाचलं, मग नाखव्याने ते उलटं धरून बघितलं आणि बरोबर आहे म्हणाला. मला पेढे दिले. मी आधी विचारलं, कशाचे आहेत.

सुलभाताईंनी माझ्यासमोर बसून तिन्ही ओळी पुन्हा टाकल्या. शुक्रवारच्या वर आणखी एक ओळ टाकली, तिच्या आधी एक अर्धविराम.

"हे कसलं चिन्ह?"

"आधी हे चिन्ह असलं की यंत्र ती ओळ वाचत नाही. सोडून देतं."

"मग लिहायची कोणासाठी?"

"माणसांसाठी. वाचा बघू."

इंग्रजी मोठी अक्षरं होती, पण शब्द मराठी. मी एकेक अक्षर लावत गेलो. बराच वेळ लागला. त्या गप्प बसून राहिल्या, मदत केली नाही. शेवटी लागलं. काका, शुक्रवार पुसू नका.

अख्ख्या यंत्रात अशी एकच ओळ होती, जी यंत्राने न वाचता मी वाचायची होती.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पुढच्या शुक्रवारी नाखव्याने घरी जिताडं पाठवलं. बायकोने कालवण केलं. मी जेवायला बसलो. माझ्या डोक्यात नवीन धडा ताजा होता. न लिहिलेलं समोरचा आपल्या मनाने धरतो, तेव्हा जे आहे ते सांगून टाकावं. मी घास गिळला आणि म्हटलं, "कालवण चांगलं झालंय."

तिच्या हातातला डाव तसाच राहिला.

"बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"मला काय झालंय? चांगलं झालंय म्हणून सांगतोय."

ती समोर बसली. मग म्हणाली, "म्हणजे काल वाईट झालं होतं."

"काल कुठे काय म्हटलं मी?"

"तेच तर. काही म्हटलं नाहीत. परवाही नाही. तीस वर्षं नाही."

"अगं, तेव्हाही चांगलंच होतं. चांगलं होतं म्हणून तर बोललो नाही."

"मला कसं कळायचं?" ती म्हणाली. "मी धरून चालले होते की तुम्हाला माझ्या हातचं आवडत नाही, पण भांडण नको म्हणून खाता. तीस वर्षं तेच धरलंय मी."

यंत्राला मी तीन ओळी पुसून फसवलं होतं. हिच्या बाबतीत तर एकही ओळ कधी लिहिलीच नव्हती.

तेव्हापासून रोज बोलावं लागतं. आमटी चांगली. भाजी चांगली. एखादा दिवस विसरलो की वाटी उचलून वास घेते आणि विचारते, आज काय बिघडलं? निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी हजेरी सुटलेली नाही.

तुमचा चहा मघाशीच संपला. कप रिकामे दिसताहेत आणि तुमच्यापैकी एकानेही अजून काही म्हटलेलं नाही. ती आत दाराशी उभी आहे. सांगा तिला काहीतरी. तुम्ही उठून गेलात की ती मोकळी जागा मला भरावी लागते.